बावखलाच्या पायरीचा दगड

काचेची रिकामी टाकी मांडीवर घेऊन रिक्षात बसलं की माणूस आपोआप सावध होतो. खड्डा आला की दोन्ही हात काचेभोवती घट्ट होतात, श्वास धरला जातो. त्या दिवशी वसई स्टेशनपासून होळी बाजारापर्यंत मी असाच आलो. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"मासे कुठायत?" त्यानं विचारलं.

"नंतर आणणार."

"मग जपतोस कशाला एवढं? रिकामीच तर आहे."

मला पटकन उत्तर देता येत नाही, तेव्हाही यायचं नाही. ही १९९९ सालची गोष्ट, सहा-सात वर्षांपूर्वीची. दिवाळी नुकतीच झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून केळीच्या वाड्या होत्या. पाटाचं पाणी सुटलं की मातीचा गार वास थेट रिक्षात यायचा. आता त्या रस्त्यानं गेलं तर दुकानांच्या पाट्या दिसतात. मला अजून तो वासच आठवतो.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शाळा नववीतच सुटली होती. वर्गात उभं केलं की येत असलेलं उत्तरही घशात अडकायचं, मुलं हसायची. एक दिवस मी गेलोच नाही. फलटणला आईबाबांनी खूप समजावलं. शेवटी संग्रामदादा मला वसईला घेऊन आला. तो मुंबईत नोकरीला होता. सकाळी अंधारात जायचा, परत येईपर्यंत जेवणं झालेली असायची. त्यानं मला स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात लावलं. खायचे नव्हेत, काचेत ठेवायचे मासे. दुकान व्हिन्सेंटचं. माशांशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं.

टाकी अश्लेषावहिनींसाठी होती.

वहिनी मूळच्या फार बोलक्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मला दोन शब्द बोलायला लावल्याशिवाय चहा द्यायच्या नाहीत. पण त्या वर्षी पावसाळ्यात, आठव्या महिन्यात, त्यांचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. दवाखान्यातून आल्यावर वहिनी स्वयंपाक करायच्या, कपडे वाळत घालायच्या, पण बोलणं गेलं ते गेलंच. 'हो', 'नको', 'वाढू का', एवढंच. शिवणाचं मशीन त्यांनी चादरीनं झाकून ठेवलं होतं. त्याच्या खणात अर्धवट शिवलेली झबली तशीच होती.

एकदा दादा गॅलरीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, वेळ द्या. किती द्यायचा रे? माझ्या समोर बसलेली असते आणि रोज थोडी थोडी लांब जाते." दादाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी ते व्हिन्सेंटला सांगितलं. तो तोंडातली काडी काढून म्हणाला, "घरात हलणारं काहीतरी पाहिजे. कुत्रा नको, भुंकतो. मासे ने. गप्प असतात, तरी जिवंत असतात. तुझ्यासारखे."

"गोल्डफिश नेऊ?"

"गोल्डफिश काय, पावासारखा फुगतो आणि मरतो. परत रडारड. सिक्लिड ने. भांडखोर असतात, दगड उकरतात, घर मांडतात, पोरं सांभाळतात. बघणाऱ्याला करमणूक. आपल्या बोअरिंगचं जड पाणीच त्यांना मानवतं."

मशीन स्टँडवरून काढून ठेवायचं मला धाडस होत नव्हतं, पण दोन फुटी टाकीचं वजन पेलेल असं घरात दुसरं काही नव्हतं. दादानं मशीन उचलून कपाटावर ठेवलं. लोखंडी स्टँडवर फळी, फळीवर थर्माकोल, त्यावर टाकी. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. झबल्यांचा खण तेवढा त्यांनी स्वतः बंद केला.

सिक्लिडच्या टाकीत आधी दगड मांडायचा आणि मग वाळू टाकायची. वाळू आधी टाकली तर मासे खालून उकरतात, दगड कलंडतो आणि काच फुटते. भुईगावच्या किनाऱ्यावरून मी शिंपल्यांचा चुरा आणून धुऊन ठेवला होता. फक्त दगड मिळायचा होता.

तो कसा मिळाला, ते सांगतो.

आमची बिल्डिंग हरिभाऊंच्या वाडीच्या तुकड्यावर उभी राहिली होती. बाकीच्या वाडीत त्यांचं कौलारू घर आणि एक बावखल होतं. बावखल म्हणजे इथल्या वाड्यांमधलं लहान तळं. केळीला, फुलांना शिंपायला जुन्या लोकांनी खणून ठेवलेलं. कडेनं माड, उतरायला दगडी पायऱ्या. आमच्या खिडकीतून ते दिसायचं. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की त्या पाण्यावर शेवटचा उजेड राहायचा आणि बाकी वाडी आधी काळी पडायची. हरिभाऊंच्या मुलानं, धवलनं, दुसऱ्या विंगसाठी ती जागाही दिली आणि डंपर मुरूम ओतू लागले.

त्या दिवशी मी दुकानातून जेवायला येत होतो. हरिभाऊ बांधावर उभे होते. पायाशी एक काळा दगड.

"पोरा, तुझी सायकल दणकट आहे?"

"आहे."

"हा दगड वटार गावाला न्यायचा. माझ्या बहिणीची वाडी आहे, मोठ्या फणसाच्या मागे. तिच्या बावखलात पायरीपाशी सोडायचा. आजच्या आज."

मी दगडाकडे बघितलं. मध्ये खोलगट झालेला होता. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी त्यावर कपडे धुतले असणार.

"खालच्या पायरीचा आहे," हरिभाऊ म्हणाले. "बावखल बुजवलं की एक पायरी दुसऱ्या पाण्यात ठेवायची, अशी आमच्यात रीत आहे. आपण पाण्याला उठवलं ना? मग त्याला बसायला जागा नको? धवलला सांगितलं तर हसतो. डंपरमध्ये टाकेल मेला."

दगड गोणपाटात बांधून मी कॅरियरवर ठेवला. जेवून लगेच वटारला निघायचं, असं ठरवून जिन्याखाली सायकल लावली; पण कोणी उचलून नेईल म्हणून गोणपाट वर घेऊन आलो. वहिनी पाट मांडत होत्या. गोणपाटाखालून पाण्याचा ओघळ फरशीवर आला. त्यांनी ते उलगडलं. दगडाच्या खोलगट भागात हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"भाऊजी, हा ठेवू या ना टाकीत," त्या म्हणाल्या. "किती गुळगुळीत झालाय. कोणी रोज हात फिरवल्यासारखा."

एवढं लांब वाक्य मी पावसाळ्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी विचार केला, हरिभाऊंना दगड पाण्यात जायला हवा आहे. टाकी म्हणजे तरी काय, पाणीच. शिवाय बिल्डिंगचं बोअरिंग तर बावखलापासून हाकेवर खणलेलं. पाणीसुद्धा तेच.

संध्याकाळी हरिभाऊंनी गॅलरीखालून हाक मारली. "पाण्यात ठेवलास ना रे?"

"ठेवला."

"हां. सुटलो बाबा," म्हणून ते आत गेले.

लोणच्यासारखं टाकीचं पाणीही मुरावं लागतं, असं व्हिन्सेंट म्हणायचा. आधी ते दुधाळ झालं, मग हळूहळू निवळलं. नाताळच्या आधी मी पिवळे सिक्लिड आणले, चांगले वाढलेले, अर्धा डझन. पिशवीचं तोंड सोडलं तेव्हा वहिनी शेजारी बसल्या होत्या. मासे बाहेर आले आणि सगळे एकदम त्या दगडामागे गेले.

"लाजाळू आहेत," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यावर गेलेत."

आणि हसल्या.

त्या दोन-तीन महिन्यांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. दुपारी मी घरी आलो की आम्ही दोघं टाकीसमोर बसून चहा प्यायचो. पंपाची घुरघुर, बुडबुड्यांची सरळ रेघ, खिडकीतून येणारा मोहराचा वास. मासे तोंडात वाळू भरून दुसरीकडे नेऊन थुंकायचे. दगडाचा खोलगट भाग ते रोज स्वच्छ करून ठेवायचे. आम्ही मुद्दाम चिमूटभर चुरा टाकला तरी थोड्या वेळात तो लख्ख.

"बघा, तुमच्यापेक्षा बरे. स्वतःचं अंथरूण स्वतः झटकतात," वहिनी म्हणायच्या.

दादानं एका रविवारी आम्हाला असं बोलताना ऐकलं. तो आत गेला आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिला.

मग फेब्रुवारीत एका मादीनं खाणं सोडलं. तिचा गळा फुगला होता. ती दगडाच्या खळग्यावर तरंगत राहायची आणि जबडा हळूहळू हलवायची, चावण्यासारखा, पण तोंड न उघडता. आजारी पडली असं वाटून मी व्हिन्सेंटला विचारलं.

"अरे, पार्टी दे! अंडी आहेत तोंडात. पोरं बाहेर येऊन पोहायला लागेपर्यंत तोंड उघडणार नाही. तीनेक आठवडे उपाशी. आपल्या बावखलातली चिलापी मासळी पण असंच करते. त्रास देऊ नको तिला."

मी घरी येऊन वहिनींना सांगितलं. मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. किती तरी वेळ त्यांनी पापणी हलवली नाही.

"तोंडात..." त्या हळू म्हणाल्या. "तिथून कोण नेणार?"

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. घोटभर पाणी प्यायच्या, तेवढंच. बोलणं पुन्हा थांबलं. पण हे पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा त्या कुठेतरी हरवलेल्या असायच्या; आता त्या जाग्या होत्या, सावध होत्या. ओठ घट्ट मिटलेले, आणि जबडा अगदी हळू, खाली-वर. दादानं डॉक्टर घरी आणले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा वाढला तर सलाइन लावावं लागेल. दादानं रजा मागितली, मिळाली नाही. निघताना तो माझा हात धरून म्हणाला, "तिला एकटी सोडू नकोस. या वेळी ती गेली ना, तर परत येणार नाही."

म्हणून मी दुकानात सांगून घरी थांबू लागलो.

दुपारी घर शांत असायचं. मी स्वयंपाकघरात काही करत असलो की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा. धप्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा धप्. ओले कपडे दगडावर आपटल्यासारखा. बाहेर येऊन बघितलं तर वहिनी टाकीसमोर, हात मांडीवर. खोलीत एक वास भरलेला असायचा: शेवाळाचा, नारळाच्या कुजणाऱ्या सोडणांचा, आणि त्यात कपड्यांच्या साबणाच्या वडीचा. त्या वड्या मी लहानपणी फलटणला बघितल्या होत्या. आमच्या घरात पावडर होती.

खिडकीबाहेर बावखलाच्या जागी आता लाल मुरूम सपाट झाला होता. तिकडून हा वास येणं शक्य नव्हतं.

मग एका संध्याकाळी लाइट गेले.

दिवेलागणीची वेळ. चर्चची घंटा नुकतीच थांबली होती. पंप बंद पडला तशी खोली एकदम बहिरी झाली. लाइट गेले की टाकीतली हवा कमी होते, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. अशा वेळी तांब्या घेऊन पाणी उपसायचं आणि उंचावरून परत टाकायचं, म्हणजे हवा मिसळते. दुकानात हे काम माझंच होतं. मी मेणबत्ती लावली, तांब्या घेतला आणि टाकीचं झाकण काढलं.

बुडबुडे येत होते.

पंप बंद होता. नळी माझ्या डोळ्यांसमोर निपचित पडली होती. दगडाच्या खळग्यातून मात्र बुडबुड्यांची एक बारीक, सरळ रेघ वर येत होती. थांबायची... पुन्हा यायची. कोणीतरी खाली बसून बेतानं श्वास सोडावा तशी.

माझा हात पाण्यात बुडालेला होता. तांब्या अर्धा भरला होता.

"पानी नको हालवू."

वहिनी अगदी माझ्या कानाशी होत्या. खुर्चीवरून त्या कधी उठल्या, मला कळलं नाही. आवाज त्यांचा नव्हता. जाड, थकलेला, शेतात हाका मारून बसलेला आवाज.

"वहिनी...?"

"पोरां निजलीन," तो आवाज म्हणाला. "पानी नको हालवू रे दादा..."

त्यांच्या तोंडातून साबणाच्या वडीचा वास आला. मी हात बाहेर काढला. त्यांनी तोंड मिटलं आणि जबडा पुन्हा हलू लागला. लाइट येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. टाकीकडेही बघितलं नाही. मेणबत्तीकडे बघत राहिलो.

सकाळी दादाला मी, आज घरीच थांब, म्हणालो आणि हरिभाऊंकडे गेलो. हरिभाऊ वाडीत होते. ओट्यावर त्यांची बायको, आनंदीबाई, अबोलीचे गजरे करत बसल्या होत्या. मला सांगता येईना. शेवटी मी एवढंच विचारलं, "आजी, तुमच्या बावखलावर कपडे कोण धुवायचं?"

त्यांचे हात थांबले.

"हे तुला आज का सुचलं?"

मी सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोललो नव्हतो.

आनंदीबाईंनी दोरा दातानं तोडला. "आमच्याकडे काळूराम होता कामाला, जूचंद्र गावचा. त्याची बायको पण यायची. नाव नको घेऊ या तिचं. पायरीवर कपडे धुवायची आणि पोरगी माडाला झोळी बांधून निजवायची. इतकुशी पोर. आम्ही कोणी पाणी भरायला गेलो की ओरडायची, हळू गं बायांनो, पानी हालवू नका, पोर उठेल. एक दिवस झोळी सुटली."

"मग?"

"मग काय. मागोमाग तीही गेली. गडी उतरले तेव्हा ती खालच्या पायरीवर बसलेली होती, पाण्याखाली. तोंड असं गच्च मिटलेलं. गाल फुगलेले. आमच्या सासूबाई म्हणाल्या, पोरीसाठी वारा धरून ठेवलाय तिनं." त्यांनी गजरा बाजूला ठेवला. "पोर सापडली नाही. सगळं बावखल उपसलं, गाळ चाळला. नाहीच सापडली."

माडाची सावली ओट्यावर हलत होती. दुसऱ्या विंगच्या पायाचं काम चाललं होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"पायरी दुसऱ्या बावखलात न्यायची ती त्यासाठी," आनंदीबाई म्हणाल्या. "पाण्यातलं पाण्यात राहू दे. माणसाच्या घरात, जिथे बाईची कूस रिकामी झालीय तिथे... अरे, तू कुठे नेऊन ठेवलास रे तो! दिवस मावळायच्या आत वटारला ने."

दगड काढणं सोपं नव्हतं. तो तळाशी होता, त्याच्याभोवती वाळू. आधी पाणी उपसावं लागणार, वाळू बाजूला करावी लागणार. वहिनी आतल्या खोलीत निजल्या होत्या. दादा दाराशी बसला. त्याला मी फक्त दगडानं पाणी बिघडलंय म्हणून सांगितलं होतं.

पाणी अर्धं झालं. बाकीचे मासे कोपऱ्यात गेले. ती मादी खळग्यावरून हलेना. मी दोन्ही हातांनी दगड सैल केला आणि उचलला. दगड पाण्याबाहेर आला, त्या क्षणी तिनं तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मी वाकून बघत होतो. आता पिल्लं बाहेर पडतील, त्यांना वेगळ्या भांड्यात घ्यावं लागेल, म्हणून वाटीही तयार ठेवली होती.

तोंड रिकामं होतं. एकही पिल्लू नाही, एक अंडं नाही. एवढे दिवस तिनं जे धरून ठेवलं होतं, ते तिथे नव्हतं.

आतून वहिनींची हाक आली. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. "अहो, काही खायला आहे का? भूक लागलीय मला."

दादा उठून धावला. आत तो रडत होता आणि वहिनी विचारत होत्या, "काय झालं? असे काय करताय?"

मी दगड गोणपाटात बांधला. वटारच्या वाटेवर उन्हं उतरत होती. फणसामागच्या वाडीत हरिभाऊंची बहीण घरात नव्हती, कोणीच नव्हतं. मी बावखलाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून दगड पाण्यात सोडला, डाव्या अंगाला, माडाच्या मुळापाशी. तो गेला. पाणी शांत झालं. मी हात जोडले. कोणाला, ते मला माहीत नव्हतं.

पुढं सगळं चांगलं झालं. उन्हाळा संपता संपता वहिनींना दिवस गेले. वाळू, पंप, मासे मी व्हिन्सेंटला परत दिले, तो म्हणाला, "कसला रे तू, आत्ता तर शिकलास." टाकी माळ्यावर गेली, शिवणाचं मशीन स्टँडवर परत आलं, आणि खणातली झबली पुरी झाली. मुलगी झाली. नाव उन्नती ठेवलं. शांत पोर, रडायची कमी. आंघोळीला बसली की उठायची नाही, एवढाच तिचा हट्ट. दुसरी विंग उभी राहिली, हरिभाऊ गेले, आनंदीबाई वटारला नणंदेकडे राहायला गेल्या. मला अजून कधी कधी दुपारी पंपाची घुरघुर ऐकू आल्यासारखी वाटते, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं. त्या चहाची चव आठवते.

गेल्या रविवारी आनंदीबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. उन्नती आता पाच वर्षांची आहे. वहिनी तिथे पहिल्यांदाच आल्या होत्या. जेवण झालं, दादा आणि आनंदीबाई ओट्यावर बोलत बसले. उन्नती दिसेना, म्हणून मी फणसामागे गेलो.

ती बावखलाच्या खालच्या पायरीवर पालथी पडली होती. डाव्या अंगाला, माडाच्या मुळापाशी. तिचे ओठ पाण्याला टेकलेले. आणि तिच्या ओठांखाली, हिरव्या पाण्यातून, बुडबुड्यांची एक बारीक, सरळ रेघ वर येत होती. थांबायची... पुन्हा यायची.

मी धावलो. तिला उचलायला पाण्यात हात घालणार, तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट धरलं.

वहिनी होत्या. चेहरा शांत. दगड मी कुठे सोडला ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. दगड का काढला, तेही सांगितलं नव्हतं.

"भाऊजी," त्या त्यांच्या नेहमीच्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पाणी हलवू नका."

बुडबुडे थांबले. उन्नती आपणहून उठली. हनुवटीवरून पाणी गळत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आईचं बोट धरलं आणि चालू लागली. गाल थोडे फुगलेले होते.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री वरणभात कालवून दादानं घास तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं मान फिरवली. ओठ घट्ट मिटलेले. जबडा तेवढा हळूहळू, खाली-वर.

"काय गं, तोंडात काय आहे? आ कर बघू," दादा म्हणाला.

वहिनींनी त्याचा हात बाजूला केला आणि ताट उचललं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता काही दिवस तिला भूक लागणार नाही."